ओल्या गवताची गंजी

नेहमीचा गंजीवाला आपल्याच घराच्या छपरावरून पडला आणि मनगट मोडून बसला. जन्मभर लोकांच्या गंज्यांवर उभा राहून कधी पाय न घसरलेला माणूस दोन कौलं सरकवायला चढला आणि खाली आला. ही बातमी घेऊन मधलीचा नवरा घरी आला तेव्हा मनगट त्याचंच मोडलंय असं कुणालाही वाटलं असतं.

"आता?" त्याच्या म्हातारीनं ओट्यावरून विचारलं.

"आता काय, माझं डोकं. गवत कापून माळावर पडलंय. दव रोज पडतंय. अजून थोडे दिवस तसंच राहिलं तर गुरं नुसती हुंगतील, तोंड लावायची नाहीत."

मधली गोठ्यात शेण काढत होती. घरात तिला मधली म्हणत. थोरला आणि धाकटा दीर आपापल्या बायका घेऊन शहरात गेले त्याला बरीच वर्षं झाली. थोरली उरली नाही, धाकटी उरली नाही, ही मात्र मधलीच राहिली. दोन म्हशी, एक गाय आणि म्हातारीची लाडकी कालवड, एवढ्यांचं उन्हाळ्यातलं पोट अंगणातल्या एका गंजीवर असे. गंजी कमी पडली तर पहिली कालवड जाणार, हे म्हातारीसकट सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कुणी बोलत नसे.

"तुला विचारतोय मी," नवरा गोठ्याच्या दारात आला. "वाळलं का?"

"वरच्या माळाचं वाळलं. ओढ्याकडचं अजून नाही."

या बाबतीत घरात मधलीचा शब्द शेवटचा होता. मूठभर गवत घ्यायचं, पिळा द्यायचा, कानाशी धरून काड्या मोडल्याचा आवाज ऐकायचा, मग नाकाशी न्यायचं. कच्च्या गवताला काकडी चिरल्यासारखा वास येतो. तो पार गेला की गंजी रचायला हरकत नाही. नवऱ्यानं सुरुवातीला स्वतः हुंगून पाहिलं होतं. त्याला सगळ्या गवताला गवताचाच वास यायचा. तेव्हापासून तो विचारी आणि ती सांगे, आणि तिचं सांगणं एकदाही चुकलं नव्हतं.

पण हेच दिवस तिला सोसत नसत. पाऊस सरतो, आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं, सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी पाठ भाजते, माळ पिवळा पडायला लागतो आणि कापलेल्या गवताचा वास थेट चुलीपर्यंत येतो. त्या वासानं मधलीचं दरवर्षी बिनसायचं. कालवणात मीठ दोनदा पडायचं. कुणी हाक मारली की ती अंगावर आल्यासारखं "काय?" म्हणायची. "गवताची धूळ बाधते तुला," नवरा म्हणे, "तोंडाला फडकं बांधत जा." ती फडकं बांधायची. वास त्यातूनही यायचा.

माहेरी त्यांची गंजी रचायला एक तरुण गंजीवाला येत असे. तो वर आणि ती खाली. पेंढी कशी फेकायची ते त्यानंच तिला शिकवलं होतं. बुडखा पुढे, मनगटाला हलका झटका, म्हणजे पेंढी हवेत फिरते आणि वरच्याच्या हातात बरोबर कमरेशी येते. वाकायला लागत नाही. तो दिवसभर एकदाही वाकला नाही तर संध्याकाळी खाली उतरून म्हणायचा, "आज पाठ तुझ्यामुळे वाचली." एवढंच बोलणं, पण तिला ते रात्रभर पुरायचं. तिसऱ्या हंगामात गंजी शाकारून झाल्यावर, शिडी धरून ती उभी होती तेव्हा त्यानं सांगितलं, "पलीकडच्या गंज्या उरकतो आणि येतो. तुझ्या वडलांशी बोलतो. तू कुठं हो म्हणून बसू नकोस." ती बसली नाही. एक स्थळ तिनं तापाचं सोंग करून घालवलं, दुसरं नुसतं रडून. तो आला नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही. मग वडलांनी विचारणंच सोडून दिलं आणि ती इथं आली.

तो का आला नाही याची कारणं तिनं स्वतःच तयार केली होती. नदीला पाणी आलं असेल. गंजीवरून पडला असेल. त्याच्या बापानं कोंडून ठेवलं असेल. दर हंगामात एखादं कारण जुनं व्हायचं आणि ती नवं शोधायची.

*

नवरा मोटारसायकलवरून नवा गंजीवाला घेऊन आला तेव्हा मधली अंगणात दगड मांडत होती. गंजीच्या बुडाशी दगड, त्यावर फांद्या, म्हणजे खालून हवा खेळते. मागच्या सीटवरचा माणूस उतरला, कमरेवर हात ठेवून त्यानं दगडांभोवती एक चक्कर मारली आणि एक दगड पायानं थोडा आत सारला. मधलीनं वर बघितलं. पोट सुटलेलं, केस मागे गेलेले, समोरचा एक दात नाही. पण दगड तसा पायानं सारणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. हा तोच होता, माहेरचा.

"वहिनी, तेवढं पाणी द्या," तो म्हणाला. "तुमच्या मालकांनी हाडं खिळखिळी केली सगळी."

तिनं पाणी आणून दिलं. त्यानं तांब्या घेतला, तिच्याकडे बघूनच घेतला, आणि गटागटा पिऊन परत केला. त्याच्या नजरेत काही हललं नाही. तिनं तोंडावरचं फडकं उगाच खाली ओढलं होतं. आता ते तिनं पुन्हा नाकावर चढवलं.

काम सुरू झालं. नवरा वरच्या माळावरून उसन्या बैलगाडीत गवत भरून आणी, मधली खालून पेंढ्या फेके आणि गंजीवाला वर रचत जाई. त्याचा हात अजून चांगला होता. पेंढीचा शेंडा आत, बुडखा बाहेर, दोन बुडख्यांच्या सांध्यावर तिसरी, आणि मध्ये कायम उंचवटा, म्हणजे पाणी बाहेर उतरतं. तोंड मात्र एकसारखं चालू होतं. कुणाची गंजी वाकडी झाली, कुणाच्या गंजीत साप निघाला, कुणाच्या सासूनं पेंढ्या मोजायला खुर्ची टाकली. ओट्यावर म्हातारी खूष होती. इतक्या वर्षांत मधलीनं तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

मधलीनं पेंढी उचलली, बुडखा पुढे धरला, मनगटाला झटका दिला. पेंढी फिरत त्याच्या कमरेशी गेली.

"वहिनी," तो वरून म्हणाला, "पेंढी अशी गरगरवू नका. सरळ फेका. तोंडावर येते."

मधली पुढची पेंढी उचलायला वाकली.

"ऐकू आलं का?"

"हो."

"तुम्हाला कुणी शिकवलं असलं फेकायला?"

"तिला कोण शिकवणार," म्हातारी म्हणाली. "माहेराहून आली तीच अशी. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ही माझी पेंढी अशीच जाणार म्हणते."

म्हातारी खरं बोलत होती. या एका गोष्टीवरून मधलीनं सासूशी कायमचं वाकडं घेतलं होतं. पुढची पेंढी तिनं सरळ फेकली. त्याला वाकून घ्यावी लागली. त्याच्या पाठीचं काय व्हायचं ते होवो, असं तिच्या मनात आलं.

दुपारी जेवताना तो तिच्या समोरच बसला. तिनं वाढलं. त्यानं दोनदा मागून घेतलं आणि हात धुताना नवऱ्याला म्हणाला, "वहिनींच्या हाताला चव आहे. बोलायचं मात्र वावडं दिसतंय." नवरा हसला. "ह्या दिवसांत तिला धूळ बाधते," तो म्हणाला. मधलीनं खरकटी ताटं एकात एक आदळली. तिला त्या दोघांचाही सारखाच राग आला होता, आणि त्यातल्या एकाचा येण्याचं काही कारण नव्हतं हे कळत असल्यामुळे तो आणखीच वाढला.

तीनेक वाजता वरच्या माळाचं गवत संपलं. गंजी छातीच्या वर गेली होती. उरलं ते ओढ्याकडचं. नवरा तिकडून गाडी भरून घेऊन आला, पेंढ्या खाली टाकल्या आणि नेहमीसारखं तिला विचारलं, "वाळलं का?"

तिनं मूठ भरली, पिळली, कानाशी नेली. काड्या मोडत नव्हत्या, नुसत्या वाकत होत्या. नाकाशी न्यायची गरजही नव्हती. आणखी एक दिवसाचं ऊन पाहिजे होतं. म्हणजे आज गंजी अर्धी झाकायची, पाहुण्याला ओसरीवर अंथरूण द्यायचं, उद्या सकाळी पुन्हा "वहिनी, पाणी," पुन्हा जेवण, पुन्हा ते खालून फेकणं आणि त्याचं वरून ओरडणं.

"सांग की," नवरा म्हणाला.

"मला तर हिरवट वाटतंय," वरून गंजीवाला म्हणाला. "पण तुम्ही म्हणाल तसं."

"वाळलंय," मधली म्हणाली. "टाका वर."

दिवस मावळायच्या आत गंजी शाकारून झाली. टोकावर पेंढ्यांची टोपी बसली, भोवती दोर आवळला गेला, दोराच्या टोकांना दगड लटकले. नवऱ्यानं त्याला मोटारसायकलवर बसवलं. धूळ खाली बसेपर्यंत मधली अंगणात थांबली आणि मग खळखळून चूळ भरली.

*

चौथ्या दिवशी सकाळी गंजीतून वाफ निघाली.

दवाची वाफ उन्हं आल्यावर निघते. ही त्याआधीच निघत होती, तीही एका बाजूनं, कमरेच्या उंचीवरून. अंगणात तंबाखूसारखा गोडसर वास होता. मधलीच्या हातातली बादली तिथंच राहिली. तिनं पेंढ्यांच्या सांध्यात हात घातला, कोपरापर्यंत नेला आणि झटकन बाहेर काढला. चुलीपुढच्या राखेत हात गेल्यासारखं झालं होतं.

"अहो," तिनं हाक मारली. "गंजी तापली."

नवरा धावत आला. त्यानंही हात घालून पाहिला. मग शिडी लावली आणि दोर कापायला लागला. गंजी आतून पेटायच्या आधी उसकटून मोकळी करायला हवी होती. दोघं जण दुपारपर्यंत पेंढ्या ओढून फेकत राहिले. वरच्या बऱ्या होत्या. मधल्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि उचलल्या की गरम भुसा होऊन हातात यायच्या. मधलीचे हात भाजले, डोळे चुरचुरले, वाफेनं छाती भरून आली. रस्त्यानं जाणारे कुंपणापाशी थांबत होते. "तापली वाटतं?" प्रत्येक जण विचारायचा, जणू ही दोघं हौसेनं गंजी मोडत होती.

काम थांबलं तेव्हा नवऱ्यानं तोंडावर पाणी मारलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू वाळलंय म्हणालीस."

"हो."

"तुझं नाक कुठं गेलं होतं?"

खोटं बोलायचं तर नाक चोंदलं होतं म्हणता आलं असतं. तेवढं बोलायलाही तिची जीभ उचलली नाही.

"तो वरून हिरवट म्हणत होता. मी त्याचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पाव गंजी गेली. कालवड ठेवता यायची नाही."

ओट्यावर म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मधलीशी ती दोन दिवस बोलली नाही. वाढलेलं जेवण मात्र निमूट जेवली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

काळं गवत उकिरड्यावर गेलं. बरं होतं ते अंगणात पसरलं आणि गंजी पुन्हा रचायची ठरली. त्यासाठी माणूस लागणार होता. पंचक्रोशीत हात रिकामा असलेला गंजीवाला एकच होता. ज्याला एक दिवस लवकर घालवण्यासाठी तिनं हे सगळं केलं, त्यालाच आणायला नवरा पुन्हा मोटारसायकल घेऊन गेला. मधलीनं कपाळाला हात लावला, आणि हात पोळलेला असल्यामुळे तोही दुखला.

*

"मी विचारलं होतं बरं का," आल्याआल्या गंजीवाला म्हणाला. "माझ्या कामात खोट नाही. वहिनींना विचारा."

"नाही खोट," मधली म्हणाली.

या वेळी तो कमी बोलत होता. घरातली हवा त्याला कळली असावी. दुपारी नवरा ओढ्याकडचं मागाहून कापलेलं थोडं गवत आणायला गेला आणि म्हातारी आत आडवी झाली. गंजीवाला खाली उतरून सावलीला बसला. मधलीनं तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि ती गेली नाही.

"तुम्ही पूर्वी नदीच्या पलीकडे गंज्या रचायला जायचात," ती म्हणाली.

"जायचो की. लग्नाच्या आधी. तुम्हाला कसं माहीत?"

"एका घरात तीन हंगाम गेलात. विहिरीला लागून अंगण होतं. घरात एकच मुलगी."

तो पाणी प्यायचा थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती फडकं काढून उभी होती. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ओळख आली. आणि ती आली तरी त्यात धक्का नव्हता, दुःख नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकाची गाठ पडावी तशी ती ओळख होती.

"अरे," तो म्हणाला. "त्या तुम्ही होय. बदललात हो."

"का आला नाहीत?"

हे विचारण्यासाठी तिनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. विचारायला एक क्षणही लागला नाही.

"कुठं?"

"वडलांशी बोलायला येणार होतात."

तो खरोखरच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, डोकं खाजवून. तो टाळत असता, खोटं बोलत असता, तर ते तिला चाललं असतं.

"हो हो," तो म्हणाला. "त्याचं असं झालं, त्या साली मी दोन ठिकाणी शब्द देऊन ठेवला होता. तुमच्याकडे एक, आणि पलीकडे एक. म्हटलं, जिकडचं आधी जमेल तिकडचं जमेल. त्या लोकांच्या गंज्या लांबल्या आणि मी तिकडेच अडकलो. त्यांनी बोलणं काढलं. मग काय, झालं." तो थोडा हसला. "तीच आमची मंडळी आता. हंगामात होतं असं."

"आणि निरोप?"

"निरोप द्यायचा राहिला खरा," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे न बघता त्यानं विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं का तेव्हा?"

मधली हातातलं फडकं पिळत राहिली. नदीला पूर तिनं आणला होता. गंजीवरून त्याला तिनं पाडलं होतं, बापाकडून कोंडवलं होतं, एका वर्षी तर मारूनसुद्धा टाकलं होतं आणि चुलीपुढे बसून त्याच्यासाठी रडली होती. त्याला यातल्या एकाचीही गरज लागली नव्हती. तो दुसऱ्या अंगणात गंजी रचत होता आणि वेळेवर जेवत होता. तिला त्याचा राग आला, पण तो फार वेळ टिकेना. त्याच्या जागी इतक्या हंगामांचा राग आला. चांगलं आभाळ, गार सकाळी, पिवळा माळ, हे सगळं तिनं या माणसापायी नासवून घेतलं होतं, आणि आता म्हातारीची कालवडही.

"नाही," ती म्हणाली. "घरची कामं होती."

नवऱ्याची गाडी आली. गंजीवाला सुटल्यासारखा उठला आणि शिडी चढला. मधली खाली उभी राहिली. तिनं पेंढी उचलली, बुडखा पुढे धरला आणि मनगटाला झटका देऊन भिरकावली. ती फिरत त्याच्या कमरेशी गेली. त्यानं ती न वाकता घेतली.

उन्हं कलली. अंगणातलं सगळं गवत वर गेलं होतं. नवऱ्यानं गाडीतल्या पेंढ्या खाली टाकल्या आणि तिथंच घुटमळला. गंजी मोडल्यापासून तो तिला काहीच विचारत नव्हता. आताही त्यानं गंजीवाल्याकडेच बघितलं.

"हे कसं आहे?"

"चालेल," गंजीवाला वरूनच म्हणाला. "मध्ये मध्ये घालून टाकू, कळायचं नाही. मला आज निघायलाच हवं, दादा. उद्याचा दुसरीकडे शब्द दिलाय."

नवऱ्यानं एक पेंढी उचलली. मधली पुढे झाली, त्यातून मूठभर काड्या तिनं उपसल्या, पिळा दिला आणि कानाशी नेल्या. मग नाकाशी धरल्या. काकडीचा वास येत होता. गवताचाच होता, दुसरा कसलाही नव्हता.

"नाही वाळलं," ती नवऱ्याला म्हणाली. "एक दिवसाचं ऊन पाहिजे. उद्या रचू."

नवऱ्यानं हातातल्या पेंढीचा बंद सोडला आणि गवत जमिनीवर पसरलं.

"अहो वहिनी, उद्या मला कसं जमेल?" गंजीवाला गंजीच्या कडेला आला. "लोक वाट बघत बसतील माझी."

"बसू देत," मधली म्हणाली. "त्यांना सांगा, अडकलो म्हणून. हंगामात होतं असं."

मधलीनं दुसऱ्या पेंढीचा बंद सोडला, गवत मोकळं केलं आणि उरलेल्या उन्हात पसरायला लागली.